दुसरी किल्ली

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही. अजूनही नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसतं तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही, अशी आम्हाला सवय. आणि माझी आई तर अशी, की कुणी दारात उतारा टाकून गेलं तर त्यातलं लिंबू धुऊन सरबत करेल. अशा घरात मी वाढले. तरीही आज लिहायला बसलेय, कारण या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. प्रत्येकाला काहीतरी दिसलेलं असतं. मला काहीच दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं... हाच माझा अनुभव आहे.

मी मूळची उदगीरची. लातूरला डीएमएलटी केलं आणि दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्या झाल्या, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये लागले. कोल्हापुरात ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. पहिले काही दिवस लॅबमधल्या एका मॅडमच्या आत्याकडे हॉलमध्ये झोपत होते. आत्या चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे पाहुणे येणार होते आणि हे त्या मला दिवसातून तीनदा सांगायच्या.

वडिलांनी निघतानाच बजावलं होतं — महिना संपायच्या आत धड खोली आणि धड सोबत, दोन्ही मिळालं तर राहा. नाहीतर परत ये, आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जागा आहेच. ती जागा म्हणजे काउंटरवर बसून पेशंटचे नंबर पुकारायचे. आणि एकदा तिथे बसलं की वर्षाच्या आत मांडवात बसवणार, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. मला परत जायचं नव्हतं. त्या दिवसांत मला नक्की माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

राजारामपुरी ज्यांनी बघितलीय त्यांना माहीत आहे — एकापुढे एक सरळ गल्ल्या, खाली दुकानं आणि दवाखाने, वर क्लासेस आणि फ्लॅट. दर चार गेटांमागे एकावर 'खोली भाड्याने देणे आहे'. मला वाटलं, एका दिवसाचं काम. पण कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलतात. "एकटीच? मग न्हाय जमत." संपलं, गेट बंद. एका काकांना मी विचारलंच, एकटीला काय होतं हो? तर म्हणाले, "तुला काय हुत न्हाय, आमाला हुतंय. पोरगी घरात आली का न्हाय, आमी बघत बसायचं व्हय? दोघी असल्या की एकमेकीला बघत्यात." राग आला, पण त्यांच्या बोलण्यात खोटं काय होतं ते मला सापडलं नाही.

मग जोडीदारीण शोधायला लागले. लॅबच्या ग्रुपवर मेसेज टाकला, क्लासेसच्या बाहेर चिठ्ठ्या चिकटवल्या. दोघींचे फोन आले. एकीला आठवड्यात तिच्याच गावची मैत्रीण मिळाली, दुसरीचं लग्न ठरलं. कॉलेजमध्ये रूममेट कशी आपोआप मिळते... हॉस्टेलची वॉर्डन यादी लावते, आपण आपलं नाव शोधायचं, शेजारी तिचं नाव असतं. कॉलेज संपल्यावर तशी यादी कुणी लावत नाही. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आक्कांचं घर मी त्या दिवशी बघितलेलं पाचवं. गल्लीचा नंबर मुद्दाम देत नाही. खाली मालक, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाहेरून जिना, पश्चिमेला गॅलरी. आक्का दारात बसून शेंगा फोडत होत्या. साठीच्या असतील. मुलगी नवऱ्याबरोबर परदेशात, आण्णांचं — म्हणजे त्यांच्या मिस्टरांचं — इचलकरंजीत सुताचं दुकान, हे सगळं त्यांनी मला गेटपासून पायरीपर्यंत यायच्या आत सांगून टाकलं. मग विचारलं, "एकटीच हाईस?"

पाय दुखत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, दोघी आहोत. मैत्रीण येणार आहे माझी."

"कुठली?"

कोल्हापूरच्या आसपासचं मला एकच नाव माहीत होतं. मिरजेहून येताना आमची पॅसेंजर एका स्टेशनात बराच वेळ थांबली होती आणि खिडकीसमोरची पिवळी पाटी वाचून वाचून पाठ झाली होती. "हातकणंगल्याची," मी म्हणाले.

"नाव काय?"

समोरच्या दुकानावर 'मगदूम' लिहिलेलं दिसत होतं. "सुजाता मगदूम." मगदूम पाटीवरून घेतलं. सुजाता कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या ओळखीत या नावाची एकही मुलगी नाही.

आक्का एकदम खुलल्या. "मगदूम? म्हंजे आमच्यातलीच की! जैन हाय न्हवं? सांजचं पाळती काय?"

सांजचं काय पाळायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण 'हो' म्हणाले. नंतर कळलं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मावळला की अन्नाला हात लावायचा नाही.

"आणि करती काय?"

"नोकरी. इचलकरंजीला, एका कारखान्याच्या ऑफिसात."

आक्कांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "हातकणंगल्यातनं इचलकरंजी हाय हाकेवर. आणि ती ऱ्हायला हिकडं येणार? उलट्या दिशेला?"

इथल्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. परगावच्या माणसानं खोटं बोलण्याआधी नकाशा बघून घ्यावा, एवढं मी तेव्हा शिकले. पण आता माघार कशी घेणार? "तिच्या घरी सावत्र आई आहे," मी म्हणाले.

आक्का सूप बाजूला सारून उठल्या, "येऊ दे तिला," म्हणाल्या आणि आतून दोन किल्ल्या आणून माझ्या हातावर ठेवल्या. एक माझी, एक सुजाताची.

अटी दोन — वर मांस-मच्छी, अंडं काही चालणार नाही, आणि पाणी जपून. कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा रस्सा घरात शिजवायचा नाही म्हणजे समुद्रावर जाऊन पाय कोरडे ठेवायचे, पण मी मान हलवली. करार माझ्या एकटीच्या नावावर झाला. 'तिची कागदं ती आल्यावर देते' म्हणाले आणि ते तसंच राहिलं. दुसरी किल्ली मी आईनं दिलेल्या मेतकुटाच्या स्टीलच्या डब्यात, मेतकुटातच खोचली, झाकण घट्ट लावलं आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. खरी जोडीदारीण मिळाली की सांगायचं, सुजाताचं रद्द झालं, ही आली. एवढा साधा माझा प्लॅन होता.

खरी कुणी मिळाली नाही. मिळेपर्यंत नाटक चालू ठेवणं भाग होतं. मी सेलमधून एक चपलांचा जोड आणला, माझ्यापेक्षा एक नंबर लहान, आणि दाराबाहेर माझ्या चपलांशेजारी ठेवला. दुसरा टूथब्रश, दुसरा कप, दोरीवर एक जास्तीची ओढणी. माझी ड्यूटी दुपारी बारा ते रात्री नऊ. सुजाता सकाळी सहाच्या एसटीनं जाते आणि चारच्या पुढे येते, आल्यावर झोपते, असं मी आक्कांना सांगून ठेवलं. जिना बाहेरून आणि आक्कांचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, त्यामुळे कोण वर गेलं, कोण उतरलं, त्यांना दिसायचं नाही. घरीही तेच सांगितलं. आई फोनवर म्हणायची, "अश्विनी, काय करलालीस? सुजाताला दे की जरा." मी म्हणायचे, झोपली गं ती.

आता जे लिहितेय ते वाचून हसू नका. पहिल्या महिन्यात मी तिच्याशी बोलायला लागले. खोलीत दुसरा आवाजच नसायचा हो. लॅबमध्ये दिवसभर माणसं, पण ती हात पुढे करून, तोंड दुसरीकडे फिरवून बसणारी. सुई टोचताना जेवढं बोलायचं तेवढं बोलणं. कोल्हापूर मोठ्यानं बोलणारं गाव आहे, खाली गल्लीत दोघं हवापाण्याचं बोलत असले तरी भांडण वाटतं, आणि त्या सगळ्या आवाजात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक शब्द तोंडातून गेला नाही, असंही झालंय. मग मी म्हणायचे, "सुजाता, आज फार डोकं दुखतंय गं." नाहीतर, "सुजाता, चहा टाकू का?" आणि एकच कप टाकायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी कामावरून आले, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं ताट. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत दही. सकाळी आक्का म्हणाल्या, "पोरीसाठी ठेवलंतं. सांजच्या आत जेवली न्हवं? कामावरनं दमून येऊन कुठं करत बसती ती?" मी म्हणाले, जेवली. तेव्हापासून रोज ताट यायला लागलं. सुजातासाठी. मी नऊनंतर येऊन ते गार झालेलं जेवायचे आणि ताट घासून सकाळी खाली द्यायचे. लाज वाटायची, पण खोटं कशाला सांगू, भूकही लागलेली असायची.

असे दोन-अडीच आठवडे गेले असतील. एक दिवस आले तर पायरीवर ताट नव्हतं. कळलं यांना, म्हटलं. उद्या सामान बांधायचं. सकाळी चोरासारखी खाली गेले तर आक्का भाजी निवडत मजेत बसल्या होत्या.

"काल ताट न्हाय ठेवलं बघ. ती खालीच आलती की जेवायला."

"कोण?"

"कोण म्हंजे? सुजाता. म्हटली, आक्का, वर एकटीनं काय जेवायचं, हितंच बसू काय? म्हटलं, बस की बाई, मी बी एकटाच जेवतो रोज." इथल्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात, मला सुरुवातीला गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही. आण्णा संध्याकाळचा डबा दुकानातच खाऊन मग घरी येतात, त्यामुळे आक्का रोज एकट्याच जेवायच्या. हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं.

"लई वाळकी हाय गं पोरगी," आक्का म्हणाल्या. "भाकरीचा पापुद्रा आधी खाती, मग बाकीचं. आणि व्हय, तू डोळं तपासून घे म्हणं. चार दिस झालं डोकं धरून बसतीस, तिनंच सांगितलं."

डोकेदुखीचं मी लॅबमध्ये कुणाला बोलले नव्हते. घरी तर नाहीच, आई लगेच परत बोलावेल म्हणून. मी ते फक्त रिकाम्या खोलीत बोलले होते.

पहिला विचार असाच आला की म्हातारी मला खेळवतेय. हिला कळलंय आणि आता ही बघतेय, मी कुठवर जाते. दुसरा विचार — कुणीतरी परकी मुलगी वर येते-जाते. धावत वर गेले, मेतकुटाचा डबा काढला. किल्ली आत होती, जशी खोचली होती तशी. कुलूप तपासलं, खिडक्या तपासल्या. काही नाही. तिसरा विचार मी लॅबमधून रिपोर्ट काढून केला — आक्कांची शुगर. गोळ्या चालू होत्या, राहायला आले त्याच आठवड्यात मी त्यांचं रक्त तपासलं होतं. शुगर खाली गेली की माणसाला काहीबाही वाटू शकतं. पण आकडे बरे होते.

आणि मग आण्णा. आण्णा म्हणजे सुताच्या वजनापलीकडे काही न बोलणारा माणूस. एका दिवशी सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाले, "काल दुकान लौकर बंद केलं. तुझी जोडीदारीण स्टँडवर हुबी हुती, म्हटलं चल, घरलाच जायचंय. हातकणंगलं आलं तसं काचंकडं तोंड करून बसली, पार गाव मागं जाईस्तोवर. म्या बी काय इचारलं न्हाय."

"तुम्ही तिला ओळखलंत कसं, आण्णा?"

"तिनंच हाक मारली की. आण्णा म्हणून." आणि पुन्हा गाडी पुसायला लागले.

त्या दिवशी मी दाराबाहेरचा तो लहान चपलांचा जोड उचलून उजेडात बघितला. नवा कोरा आणला होता. आता त्यावर अंगठ्याचा ठसा पडला होता, काळसर, खोलगट, आणि टाचा एका बाजूला झिजल्या होत्या. माझा पाय त्यात जात नाही. तरी घालून बघितला. गेला नाही.

तुम्ही विचाराल, घाबरले नाही का? घाबरले. दोन रात्री दिवा लावून झोपले. पण खरं सांगते, भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं, आणि ते लिहायला मला लाज वाटते. मला तिचा हेवा वाटायला लागला. रोज सकाळी आक्कांकडून ऐकायचं — काल सुजाता असं म्हणाली, सुजातानं शेंगा निवडून दिल्या, सुजाताला उकड आवडली, तुझ्याबी वाटणीची ठेवा म्हणाली. माझ्या तोंडातून निघालेली मुलगी खाली बसून गरम भाकरी खात होती, तिला माणसं मिळाली होती, आण्णा तिला गाडीतून आणत होते... आणि मी, जी खरोखर होते, ती दिव्याखाली एकटीच सकाळचं गार जेवत होते. त्या घरात खोटी कोण होती?

खोलीत आता मी तिच्याशी भांडायला लागले. "सुजाता, माझ्यासमोर ये ना एकदा. सगळ्यांना भेटतेस." कुणी आलं नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी तर ती खाली आक्कांकडेही फिरकायची नाही.

मग एक दिवस ठरवलं. ठरवलं ते लॅबमध्ये पोचल्यावर, दुपारी बारा वाजता, एप्रन घालताना. आदल्या रात्री नाही, घरी असताना नाही. सरांना म्हणाले, डोकं दुखतंय, आज लवकर जाऊ का? ते हो म्हणाले. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, फोनही केला नाही. पावणेपाचला निघाले. थंडीचे दिवस, सहाच्या आसपास सूर्य मावळायचा. वर गेलेच नाही. घराला वळसा घालून सरळ मागच्या दारानं आक्कांच्या स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, आज काय ते एकदाचं बघूच.

आक्का एकट्या होत्या. चुलीवर... म्हणजे गॅसवर भाकरी फुगत होती. मला बघून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आलीस? हातपाय धू, बस," म्हणाल्या.

खाली तीन ताटं मांडलेली होती.

"ती कुठाय?" आक्कांनी विचारलं. मी हातपाय धुऊन एका ताटापुढे बसले.

आम्ही वाट बघत बसलो. मागच्या दारातून कंपाउंडची भिंत दिसते, तिच्यावरचं ऊन वर वर सरकत होतं. भाकऱ्या गार व्हायला लागल्या. मी म्हटलं, आक्का, तुम्ही जेवून घ्या. "पोरगी आल्याबिगर न्हाय," त्या म्हणाल्या. "रोज साडेपाचला येती. आज काय झालं आसंल?" थोड्या वेळानं, "तिच्या सावत्र आईनं तर न्हाय न्हेली बोलवून?" आणि मग, "उद्या आण्णांस्नी धाडतो हातकणंगल्याला. मगदुमांच्या दारात जाऊन इचारून येत्याल."

भिंतीवर वीतभर ऊन राहिलं होतं. ते गेलं की आक्का जेवणार नव्हत्या, दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नव्हत्या. आणि समोर कट्ट्यावर त्यांच्या शुगरच्या गोळीचं पाकीट फोडलेलं पडलं होतं. गोळी घेऊन झाली होती, आणि गोळीवर रात्रभर उपाशी राहिलं तर शुगर पार खाली जाते. त्याचा अर्थ त्या घरात मला एकटीलाच नीट कळत होता.

बोलले तर खोली जाणार. खोली गेली की उदगीर, काउंटर, नंबर पुकारणं. हे सगळं डोळ्यांपुढे आलं, नाही असं नाही. पण ते वीतभर ऊन बोटभर झालं होतं.

"आक्का, जेवा," मी म्हणाले. "ती येणार नाही. ती नाहीच. मी खोटं बोलले. मला एकटीला कुणी खोली देत नव्हतं म्हणून मी तिला बनवली. नाव पाटीवरून घेतलं. हातकणंगलं मी फक्त रेल्वेतून बघितलंय."

आक्का म्हणाल्या, "चेष्टा करतीस व्हय?"

"नाही."

"मग रोज माझ्या म्होरं बसून जेवती ती कोण? आण्णांच्या गाडीत बसून आली ती कोण?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले आणि मला रडू आलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणासमोर.

आक्का उठल्या. मला वाटलं आता दार दाखवतात. त्यांनी एक भाकरी तव्यावर परत गरम करून माझ्या ताटात टाकली, तिच्यावर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "भांडलासा दोघी, आसंच हाय. तरणी पोरं, एका खोलीत ऱ्हायचं म्हंजे भांड्याला भांडं लागणारच. पर म्हणून 'ती न्हाईच' आसं म्हणू नये बाई. जेव. ऊन गेलं तर दोघी उपाशी ऱ्हाऊ."

आम्ही जेवलो. घाईघाईनं, न बोलता, भिंतीवरचं ऊन विझायच्या आत. कोल्हापुरात आल्यापासून मी पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर बसून गरम जेवत होते. तिसरं ताट तसंच राहिलं.

हात धुतल्यावर आक्कांनी पदराची गाठ सोडली. "इसरलोच बघ. दुपारी ती हे देऊन गेल्ती. म्हटली, आज अश्विनी लौकर येणार हाय, तिच्याजवळ द्या. आता मला लागणार न्हाय म्हटली. मला वाटलं किल्ली जडच हुती वागवायला, म्हणून बोलली आसंल."

माझ्या हातावर दुसरी किल्ली होती. तिच्या खाचेत पिवळी पूड अडकली होती. मी नाकाजवळ नेली. मेतकुटाचा वास येत होता.

वर गेले. दाराला कुलूप. फळीवरचा डबा जागच्या जागी, झाकण घट्ट. आत मेतकूट होतं आणि मेतकुटात किल्लीच्या मापाची रिकामी फट होती. दाराबाहेरचा लहान चपलांचा जोड नव्हता.

झालं ते एवढंच. त्यानंतर ती आली नाही. आक्कांकडेही नाही, आण्णांच्या गाडीतही नाही.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं आहे. आक्का एकट्या होत्या, त्यांना भास झाले म्हणावं, तर आण्णांचं काय? दोघांनी मिळून माझी गंमत केली म्हणावं, तर चपलेवरचा अंगठा कुणाचा? मी घरात नसताना कुणी डबा उघडला असंही धरलं. पण मी त्या दिवशी लवकर येणार हे दुपारी मला आणि सरांनाच माहीत होतं, आणि सर आक्कांना ओळखतही नाहीत. रिपोर्टच्या शेवटी आम्ही अभिप्रायाची एक ओळ लिहितो. इथे ती मला लिहिता येत नाही.

खोली गेली नाही. पुढच्याच आठवड्यात मी सरांकडे सकाळची ड्यूटी मागितली. उपाशीपोटीची सॅम्पलं घ्यायला सातला हजर राहावं लागतं म्हणून ती कुणालाच नको असते. चारला सुटते. गेली दोन वर्षं, रविवार धरून, मी सूर्य मावळायच्या आत आक्कांसमोर बसून जेवते. आईला आता आक्कांशीच फोनवर बोलायचं असतं, आणि त्या दोघी एकमेकींचं निम्मंच समजून तासभर बोलतात. वडिलांनी परत बोलावणं सोडून दिलंय. दुसरी किल्ली मी कुणाला दिलेली नाही.

कधी कधी तिची फार आठवण येते. जिला एकदाही बघितलं नाही, तिची आठवण कशी यावी? पण येते. ती माझ्यासाठी आली होती, असं मला वाटतं, आणि ती सगळ्यांना भेटली, फक्त मलाच नाही.

आक्कांना मी अजून दोनदा खरं सांगून बघितलं. त्या ऐकूनच घेत नाहीत. त्यांच्या मते मी तिच्याशी भांडले आणि ती रागावून गेली. ताटावर बसलो की त्या मध्येच विचारतात, "फोन येतो काय गं तिचा?"

आता मी म्हणते, "येतो. बरी आहे. तुम्हाला विचारत होती. येईन म्हणाली एकदा जेवायला."

आक्का समाधानानं भाकरी मोडतात. आणि मी भिंतीवरचं ऊन जाईपर्यंत मागच्या दाराकडे बघत राहते. मागच्या वेळीही मी खोटंच बोलले होते.